शिकून निघून जाणाऱ्यांचे कारखाने

फॅब्रिकेशनच्या साध्या वर्कशॉपमध्ये नव्या पोराचा हात बसायला काही महिने जातात. तोवर पत्रा वाकडा कापला जातो, वेल्डिंगच्या कांड्या वाया जातात, मापं चुकतात. मालक हे सोसतो, कारण एकदा हात बसला की हे पोरगं पुढची काही वर्षं आपल्याकडेच राहील असा त्याचा हिशेब असतो. या पुस्तकाचा विषय असलेले उद्योग हा हिशेब उलटा मांडतात. तिथे मुलगा एकट्याने गेट किंवा खिडकीची जाळी बनवू लागला की त्याला निरोप द्यायची वेळ होते. त्याच्या जागी पुन्हा माप चुकवणारा नवा मुलगा येतो. दरवर्षी आपले सगळ्यात चांगले कारागीर आपल्याच हाताने बाहेर पाठवायचे आणि तरीही बाजारात टिकायचं, हे ज्या उद्योगाने स्वीकारलं आहे त्याचं अर्थकारण वेगळं असणारच. ते नेमकं कसं असतं आणि कसं असायला हवं, हे समजून घ्यायला हा संग्रह वाचायचा.

आधी मुलांविषयी बोलू, कारण सगळं त्यांच्यापासून सुरू होतं. बालगृहात वाढलेला मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याला बाहेर पडावं लागतं. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात अशा मुलांच्या अनुरक्षणाची तरतूद आहे, त्यांना एकविसाव्या वर्षापर्यंत आधार देता येतो, अपवादात्मक परिस्थितीत तेविसाव्या वर्षापर्यंतही. पण अनुरक्षण गृहांतल्या जागा मोजक्या आणि अठराव्या वाढदिवसाला पोहोचणारी मुलं त्याहून पुष्कळ. त्यांच्याशिवाय ऊसतोडीला आईवडिलांबरोबर गेल्याने चौथी-पाचवीतच शाळा तुटलेली मुलं आहेत, स्टेशनवर वाढलेली आहेत, निरीक्षणगृहातून सुटून आल्यावर वस्तीत कुणी कामाला न ठेवलेली आहेत, आणि शाळा संपल्यावर पुढे काहीच नसल्याने घरात बसून असलेली गतिमंद मुलं आहेत. यांतल्या बऱ्याच जणांना आपल्याकडच्या व्यवसाय शिक्षणाचा मुख्य रस्ता बंदच असतो. आयटीआयच्या बहुतेक ट्रेडना दहावी लागते, थोड्या ट्रेडना आठवी चालते. कागदपत्रं लागतात, ती नसतात. वर्ष-दोन वर्षं बिनकमाईची काढावी लागतात, आणि ज्याच्या पैशावर धाकटी बहीण जेवते त्याला ती काढता येत नाहीत.

शिवाय फिटरकी किंवा बेकरीचं काम ही पुढची पायरी. तिच्या आधीच्या पायऱ्या कुठल्याच अभ्यासक्रमात नसतात. सकाळी ठरल्या वेळी उठणं, कुणी आवाज चढवला तर हात न उचलणं, पगार झाला त्या दिवशी तो न संपवणं, आजारी असल्याचं फोन करून कळवणं. घर असलेल्या मुलाला हे कधी शिकलो ते आठवतही नाही. ज्याला घर नव्हतं त्याला हे कुठेतरी, कुणाच्यातरी सोबतीने, चुका करत शिकावं लागतं. ही जागा वर्गात तयार होत नाही असा माझा पक्का अनुभव आहे. ती तयार होते जिथे सकाळी ऑर्डर आलेली असते, संध्याकाळी टेम्पो येणार असतो, आणि समोरचं गिऱ्हाईक आपली दया न करता मालाचे पैसे मोजणार असतं.

ही कल्पना जुनी आहे. इटलीत तुरीनला डॉन बॉस्को नावाचे पाद्री १८४१ पासून गावाकडून शहरात कामासाठी आलेल्या पोरांमध्ये वावरत होते. त्यांनी आधी मुलांना बाहेरच्या कारागिरांकडे उमेदवारीला ठेवलं, आणि त्यासाठी मालकाशी लेखी करार केले. १८५२ चा असा एक करार जतन झाला आहे. मालकाने मुलाला मारायचं नाही, धंद्याशी संबंध नसलेली कामं सांगायची नाहीत, सुटी द्यायची, अशी त्यातली कलमं आजही आपल्या गल्लीतल्या गॅरेजवर लावून पाहावीत अशी आहेत. तरीही बाहेरच्या कारखान्यांत मुलांचे हाल थांबेनात, तेव्हा १८५३ पासून त्यांनी स्वतःचीच चांभारकामाची आणि शिवणकामाची वर्कशॉप्स काढली, पुढे पुस्तकबांधणी, सुतारकाम आणि छपाई. त्यांच्या पंथाच्या लोकांनी ही पद्धत जगभर नेली. मुंबईत वडाळ्याला रस्त्यावरच्या मुलांसाठी त्यांचं काम चालतं.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंचं केडगाव याच नात्याने आठवायला हवं. १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन सुरू करणाऱ्या रमाबाईंनी दुष्काळात अनाथ झालेल्या शेकडो मुली आणि बायका केडगावला आणल्या, आणि त्यांना बसवून खाऊ घालण्याऐवजी शेती, गोठा, विणकाम, तेलघाणा आणि छापखाना उभा केला. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर याच छापखान्यात, तिथल्याच बायकांनी खिळे जुळवून छापलं. ज्यांना आदल्या वर्षापर्यंत अक्षर ओळखू येत नव्हतं अशांच्या हाताखालून एवढा मोठा ग्रंथ जावा, यात व्यवसाय शिक्षणाचं सगळं सामर्थ्य दिसतं. पुण्यात रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये सेवासदन काढलं, त्यात विधवा आणि परित्यक्तांना परिचारिका आणि शिक्षिका म्हणून उभं करण्यावर भर होता. धोंडो केशव कर्व्यांचं हिंगण्यातलं स्त्रीशिक्षणाचं काम त्याआधीच सुरू झालेलं होतं.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ही वाट रुंद केली ती कर्मवीर भाऊराव पाटलांनी. १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह आलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत आणि स्वतः राबत. स्वयंपाक, शेत, खडी फोडणं, इमारतीचं काम यांतून शिक्षणाचा खर्च भागवायचा, ही ‘कमवा आणि शिका’ योजना पुढे साऱ्या राज्याची झाली. भाऊराव स्वतः किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांचे कंदील विकत गावोगाव फिरलेले होते. गिऱ्हाईक म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं. ‘कमवा आणि शिका’मध्ये काम बहुधा शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी असे, काम हाच अभ्यास अशी त्याची मांडणी नव्हती. म्हणून रयतेचा अनुभव या पुस्तकाच्या विषयाचा शेजारी आहे, सख्खा भाऊ नाही.

काम हाच अभ्यास असं म्हणणारा प्रयोग १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत मांडला गेला. त्याची पार्श्वभूमी आता फारशी कुणी सांगत नाही, म्हणून इथे जरा थांबतो. प्रांतांत नुकतीच काँग्रेसची मंत्रिमंडळं आली होती. त्यांना दारूबंदी करायची होती, आणि शाळांचा खर्च बऱ्याच अंशी दारूच्या उत्पन्नातून चालत होता. दारू बंद केली तर शाळा कशावर चालवायच्या? गांधीजींचं उत्तर होतं, मुलांनी हस्तव्यवसायातून शिकावं, त्यातून निघालेला माल सरकारने विकत घ्यावा आणि शाळा त्यावर चालाव्यात. परिषदेने डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने हस्तव्यवसाय शिक्षणाच्या मध्यभागी ठेवला, पण अहवालात एक इशाराही देऊन ठेवला: उत्पन्नाकडे लक्ष गेलं तर शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्यात गुंततील आणि शिक्षण मागे पडेल. शाळेचा कारखाना होईल, ही भीती त्या काळच्या अनेक टीकाकारांनीही बोलून दाखवली होती.

आज सत्त्याऐंशीहून अधिक वर्षांनी हा वाद वाचताना जाणवतं, की तेव्हा दोन वेगळे खर्च एकाच वहीत लिहिले गेले. टकळीवर सूत काढायचा खर्च एक, आणि सात वर्षांच्या मुलाला लिहायला, मोजायला आणि माणसात वागायला शिकवायचा खर्च दुसरा. पहिला सुतातून निघू शकतो. दुसराही सुतातूनच निघाला पाहिजे असा आग्रह धरला की भार मुलाच्या बोटांवर येतो. या क्षेत्रातले बहुतेक घोटाळे अजूनही याच जागी होतात, आणि या संग्रहाचा सगळा भर या दोन वह्या वेगळ्या ठेवण्यावर आहे.

याच चर्चेला जातीची एक बाजू आहे, ती टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी प्राथमिक शाळेची वेळ अर्धी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. चांभाराच्या मुलाने चामडं आणि वकिलाच्या मुलाने पुस्तकं, असाच तिचा अर्थ होणार हे पेरियारांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लगेच ओळखलं. प्रचंड विरोध झाला आणि १९५४ मध्ये योजना मागे घेतली गेली. अमेरिकेत बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये टस्कीगीला काढलेल्या शाळेत नुकत्याच गुलामीतून सुटलेल्यांच्या मुलांनी विटा पाडल्या, शाळेच्या इमारती स्वतः बांधल्या आणि उरलेल्या विटा आसपासच्या गोऱ्या लोकांना विकल्या. पहिल्या तीन भट्ट्या फसल्या होत्या. त्या शाळेचं मोल मोठंच, पण कृष्णवर्णीय मुलांना हातकामातच अडकवलं जातंय हा कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांचा आक्षेपही तितकाच खरा होता. गरीब मुलांसाठी व्यवसाय शिक्षण काढताना हा आक्षेप रोज स्वतःला विचारावा लागतो. मुलाला पुढे दहावी करायची असेल, डिप्लोमा करायचा असेल, तर आपल्या वर्कशॉपच्या वेळापत्रकात त्याला जागा आहे का? नसेल तर आपण त्याला कौशल्य देऊन त्याच्याच जागी बसवतो आहोत.

स्वातंत्र्यानंतर सरकारने आपला रस्ता आखला. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली, तिच्यातून आयटीआय वाढत गेल्या आणि आज देशात त्या सुमारे १५ हजार आहेत. १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा मोठ्या कारखान्यांसाठी होता. हे काम मोठं आहे, पण ते कारखान्याला हवा तसा कामगार डोळ्यांपुढे ठेवून आखलेलं होतं. ज्याला आधी माणूस म्हणून उभं राहायचंय तो त्या आराखड्यात बसत नव्हता. त्याच्यासाठी काम झालं ते आडबाजूला. आनंदवनात बाबा आमट्यांनी कुष्ठरुग्णांना शेती, विहिरी आणि कारखान्यांवर उभं केलं, आणि अपंग मुलांच्या प्रशिक्षणासाठी तिथे संधिनिकेतन सुरू झालं.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळला १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबागांनी विज्ञान आश्रम सुरू केला. मला हा महाराष्ट्रातला या विषयावरचा सगळ्यात सखोल प्रयोग वाटतो. कलबाग अन्नतंत्रज्ञानातले संशोधक होते, अमेरिकेत पीएचडी केलेले, हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या जागेवर असलेले. ते सोडून ते दुष्काळी पाबळला आले आणि शाळा सुटलेल्या मुलांना घेऊन बसले. त्यांचं म्हणणं असं, की माणूस मुळात हाताने काम करत करतच शिकतो, शाळेने ती वाट मोडली आहे. त्यांच्या एक वर्षाच्या ग्रामीण तंत्रज्ञान पदविकेत प्रत्येक मुलगा सगळं शिकतो: लोखंडकाम आणि बांधकाम, वीज आणि ऊर्जा, शेती आणि जनावरं, घर आणि आरोग्य. एकाच ट्रेडचा कारागीर गावात उपाशी राहतो, चार कामं येणारा राहत नाही, हे त्यामागचं गणित. आणि शिकणं वर्गापुरतं राहू नये म्हणून मुलं गावाला खरी सेवा देतात, तिचे पैसे घेतात. विहीर कुठे खणायची यासाठी जमिनीचा विद्युतरोध मोजून देणं, माती तपासणं, शेड उभारणं. चुकीच्या जागी विहीर सुचवली तर शेतकरी जाब विचारायला येतो, आणि त्या जाबात जे शिक्षण आहे ते परीक्षेत नाही. आश्रमाने छोट्या शेतकऱ्यासाठी मेकबुल नावाचा ट्रॅक्टर बनवला, पाबळ डोम या नावाने ओळखली जाणारी घुमटाकार घरं बांधली, आणि २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी (डिजिटल यंत्रांवर वस्तू बनवायच्या कार्यशाळांपैकी) एक तिथे आली. तीच पद्धत ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ म्हणून अनेक माध्यमिक शाळांत गेली. पाबळचं यश किती ट्रॅक्टर विकले यात शोधू नये. तिथल्या मुलांनी आपापल्या गावात टाकलेल्या वर्कशॉपांत आणि दुकानांत ते शोधावं.

पाबळच्या जोडीला जगातली काही नावं वाचकाने ओळखीची करून घ्यावीत. बोत्स्वानात सेरोवे इथे पॅट्रिक व्हॅन रेन्सबर्ग यांनी १९६३ मध्ये शाळा काढली आणि १९६५ पासून प्राथमिक शाळा संपलेल्या पण पुढे जागा न मिळालेल्या मुलांच्या ‘ब्रिगेड’ उभ्या केल्या. बांधकाम ब्रिगेड घरं बांधून विकायची आणि त्यातून प्रशिक्षणाचा खर्च काढायची. पुढे ब्रिगेड देशभर पसरल्या, आणि वर्ध्यात सांगितलेला धोका तिथे खरा ठरू लागला. ऑर्डर पुरी करण्याच्या घाईत शिकवणं मागे राहायचं. शेवटी प्रत्येक शिकाऊ मुलामागे सरकारने अनुदान द्यावं हे मान्य झालं.

पॅराग्वेत मात्र वेगळी गोष्ट घडली. असुन्सिओनपासून तासाभराच्या अंतरावर सेरितो इथली सॅन फ्रान्सिस्को ही शेतकी शाळा डबघाईला आली होती. २००२ मध्ये मार्टिन बर्ट यांच्या फुंदासिओन पॅराग्वाया या संस्थेने ती चालवायला घेतली आणि पाच वर्षांत शाळा स्वतःच्या उत्पन्नावर आणायची असं ठरवलं. शेतकऱ्यांची मुलं अर्धा वेळ वर्गात आणि अर्धा वेळ गोठ्यात, भाजीच्या वाफ्यांत, चीज बनवण्यात, शाळेच्या छोट्या हॉटेलात. २००७ मध्ये शाळेने घसारा धरून आपला चालू खर्च स्वतः भरून काढला. हे उदाहरण जगभर सांगितलं जातं, आणि ते खरं आहे. पण सांगताना दोन गोष्टी सोडून दिल्या जातात. शाळेची जमीन आणि इमारती आधीच होत्या, त्यासाठी कर्ज काढावं लागलं नव्हतं. आणि मुलं निवासी होती, म्हणजे पहाटे दूध काढायला हात हजर होते. ज्याच्याकडे जमीन नाही, ज्याची मुलं संध्याकाळी वस्तीत परत जातात, त्याने पॅराग्वेचा ताळेबंद जसाच्या तसा समोर ठेवून आपल्या कार्यकर्त्यांना झोडू नये.

शहरात ही वाट बहुधा स्वयंपाकघरातून गेली. नोम पेन्हला १९९४ मध्ये रस्त्यावरच्या मुलांसाठी सुरू झालेल्या कामातून फ्रेंड्स रेस्टॉरंट निघालं. हनोईत जिमी फॅम यांनी १९९९ मध्ये छोट्या सँडविच दुकानातून कोटो ही संस्था उभी केली. लॉस एंजेलिसमध्ये फादर ग्रेग बॉयल यांनी १९८८ मध्ये टोळ्यांतल्या तरुणांसाठी काम सुरू केलं आणि १९९२ मध्ये त्यातून होमबॉय बेकरी आली. कालपर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या टोळ्यांतली मुलं तिथे एकाच टेबलावर पीठ मळतात. अंगावरचे टोळीचे टॅटू काढायची सोय फुकट, समुपदेशन फुकट. बेकरी आणि कॅफे चांगले चालतात, तरी संस्थेचा खर्च त्यातून निघत नाही, देणग्या लागतात. २०१० मध्ये पैशांअभावी बहुतेक कर्मचाऱ्यांना कमी करावं लागलं होतं. बॉयल यांनी हे कधी लपवलं नाही. धंदा हा मुलांना बरं करण्याचं साधन आहे, धंद्यासाठी मुलं नाहीत, ही त्यांची भूमिका ठाम राहिली. याउलट लंडनमध्ये शेफ जेमी ऑलिव्हर यांनी २००२ मध्ये काढलेलं फिफ्टीन रेस्टॉरंट, पंधरा बेरोजगार तरुणांना शेफ बनवण्याचं वचन घेऊन सुरू झालेलं, २०१९ मध्ये त्यांचा सारा रेस्टॉरंट व्यवसाय कोसळला तेव्हा त्याच्याबरोबर बंद झालं. मूळ धंदा बुडाला की त्याला बांधलेलं प्रशिक्षणही बुडतं. संस्थेच्या विश्वस्तांनी हे वाक्य सभागृहात लावून ठेवायला हरकत नाही.

एक प्रवाह प्रशिक्षणालाच फाटा देतो. न्यूयॉर्कजवळच्या योंकर्समधली ग्रेस्टन बेकरी, १९८२ ची, ज्याचं नाव यादीत पुढे येईल त्याला मुलाखत न घेता कामावर ठेवते. शिकवायचं ते कामावर, आणि जायला कुणी सांगत नाही. कायमस्वरूपी अपंगत्व असलेल्यांसाठी हाच मार्ग खरा असू शकतो. प्रत्येकाला दोन वर्षांत बाहेर ढकलणं हे धोरण म्हणून चांगलं दिसलं तरी प्रत्येक माणसाला मानवत नाही.

मला स्वतःला सगळ्यात जास्त शिकवलं ते इटलीतल्या एका कायद्याने. ट्रिएस्टच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ फ्रँको बासाल्या आले तेव्हा रुग्ण ‘उपचार’ म्हणून फरशी पुसत होते, मोबदला जवळपास शून्य. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच रुग्णांची सहकारी संस्था झाली, आणि तेच काम रीतसर मजुरीचं झालं. त्या वाटेने जाणाऱ्या संस्था वाढत गेल्या आणि १९९१ मध्ये कायदा क्रमांक ३८१ आला. त्यानुसार ज्या सहकारी संस्थेत निदान ३० टक्के कामगार वंचित गटांतले असतात, तिला त्या कामगारांच्या सामाजिक विम्याची वर्गणी भरावी लागत नाही. म्हणजे बाजारातल्या कामाचे पैसे बाजार देतो, आणि माणसाला उभं करण्याचा जादा भार समाज उघडपणे उचलतो. वर्ध्याच्या वादाचं इतकं सरळ उत्तर मी दुसरीकडे पाहिलं नाही.

आता आपल्याकडच्या घडीकडे पाहू. २०२३-२४ च्या नियतकालिक श्रमबल पाहणीत १५ ते २९ वयोगटातला बेरोजगारीचा दर १०.२ टक्के आला. पण या पुस्तकातली मुलं त्या आकड्यात फारशी नाहीत. बेकार राहणं त्यांना परवडत नाही, ती मिळेल ते काम मिळेल त्या पैशांत करत असतात. २०१५ मध्ये प्रधानमंत्री कौशल विकास योजना आली, छोट्या मुदतीचे अभ्यासक्रम लाखोंनी झाले, पण प्रमाणपत्रानंतर कामाची सोबत हा त्यांचा कमकुवत भाग राहिला. महाराष्ट्रात २०२४ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन देते. काम करत शिकण्याला सरकारने पैसे मोजावेत हे तत्त्व इथे मान्य झालं, ही फार मोठी गोष्ट आहे. पण बारावीच्या आत शाळा सुटलेल्याला तिचं दार उघडत नाही. ज्यांना या तत्त्वाची सगळ्यात जास्त गरज आहे तेच बाहेर उभे आहेत. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर (सीएसआर) खर्च करावे लागतात आणि व्यवसाय कौशल्य त्या यादीत आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावीपासून व्यवसायांची ओळख सांगितली आहे. म्हणजे पैसा आणि धोरण दोन्ही आज हाताशी आहेत. नेमकं काय मागायचं हे काम करणाऱ्यांना स्पष्ट हवं.

आणि तिथे संस्था अडखळतात. सीएसआरचे अधिकारी विचारतात, ‘तुम्ही स्वयंपूर्ण कधी होणार?’ आणि संस्था घाईने उत्तर देते, तीन वर्षांत. मग तीन वर्षं सुरू होतात. दिवाळीत कंदील आणि पणत्या भरपूर खपतात, कारण लोक सहानुभूतीने घेतात. डिसेंबरात मालाला गिऱ्हाईक राहत नाही. ऑर्डर वेळेत द्यायची म्हणून जुन्या मुलांकडूनच काम करून घेतलं जातं, नवे मुलगे झाडू मारतात. जो चांगला शिकला त्याला ‘अजून सहा महिने राहा’ म्हणून थांबवलं जातं. विद्यावेतन उशिरा मिळतं, कारण गिऱ्हाईकाची उधारी वसूल झाली नाही. कुणाच्याही मनात वाईट नसतं आणि मुलाचं नुकसान मात्र होतं. कायदा चौदा वर्षांखालच्यांना काम करू देत नाही आणि अठरापर्यंत धोक्याच्या कामांपासून दूर ठेवतो, हे बरोबरच आहे. पण अठरा ते बाविसाच्या मुलाच्या राबण्यात शिक्षण कुठे संपतं आणि स्वस्त मजुरी कुठे सुरू होते, हे कायद्याच्या नजरेत येत नाही. ते संस्थेच्या हिशेबाच्या वहीत दिसतं.

या संग्रहातले लेखक म्हणूनच वह्या उघड्या करतात. त्यांत निदेशक आहेत, हिशेब पाहणारे आहेत, समुपदेशक आहेत, आणि एकेकाळी स्वतः शिकाऊ म्हणून आलेले काही जणही. इथे यशोगाथांची माळ नाही. मालाची किंमत ठरवताना शिकवण्यातली नासाडी कुठल्या खात्यात टाकायची, निदेशक चांगला कारागीर हवा की चांगला शिक्षक आणि दोन्ही असलेला मिळाला नाही तर काय करायचं, खेळतं भांडवल कुठून आणायचं, मुलगा तिसऱ्यांदा पळून गेला तर त्याची जागा किती दिवस राखायची, असल्या प्रश्नांना ते आपापल्या अनुभवातून भिडतात. त्यांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. संपादकांनी ती जुळवली नाहीत, याचं मला समाधान वाटतं. एका प्रश्नावर मात्र सगळे एकत्र आहेत: यश मोजायचं ते मुलगा बाहेर पडल्यानंतर, आणि निदान दोन वर्षांनी. तो कुठे काम करतो, किती कमावतो, भाड्याची खोली टिकली का, अडचणीत पडला तेव्हा कुणाला फोन केला.

पुस्तकाची एक मर्यादा सांगायला हवी. इथला अनुभव बहुतांश शहरांचा आणि त्यांच्या आसपासच्या तालुक्यांचा आहे. आदिवासी पाड्यांवर, जिथे बाजारच लांब आहे, तिथे हे गणित कसं बसेल याचा विचार वेगळ्या पुस्तकाला लागेल.

मुलींच्या भागाकडे वाचकाने विशेष लक्ष द्यावं. वंचित मुलींसाठी व्यवसाय म्हटला की शिवणकाम, ब्युटी पार्लर आणि पापड हे तीन पर्याय आपोआप पुढे येतात, मग त्यांना बाजारभाव असो वा नसो. पाबळमध्ये आणि त्याच्या पद्धतीने चालणाऱ्या शाळांमध्ये मुली वेल्डिंग आणि वायरिंगही करतात. इथल्या काही लेखांत मुली दुचाकी दुरुस्त करतात, बेकरीची भट्टी सांभाळतात, प्लंबिंगला घरोघर जातात. त्यासाठी संस्थेला राहण्याची जागा द्यावी लागली, शेवटची बस चुकली तर गाडी पाठवावी लागली, वर्कशॉपमध्ये स्वच्छतागृह बांधावं लागलं, आणि घरचे लग्न ठरवू लागले तेव्हा त्यांच्याशी महिनोन्महिने बोलत राहावं लागलं. बहुतेक संस्था हा खर्च ‘इतर’ म्हणून शेवटी लिहितात, किंवा लिहीतच नाहीत. या पुस्तकातल्या ताळेबंदांत तो भाडं आणि वीजबिलाच्या शेजारीच लिहिला आहे.